थंड किनाऱ्यावरची लाल वाईन आणि अथणीची द्राक्षे

अथणी तालुक्यातील माझ्या मामांच्या बागेत वर्षानुवर्षे बेदाण्याची द्राक्षे होतात. काही काळापूर्वी एका वाईन कारखान्याचा माणूस त्यांच्याकडे करारशेतीचा प्रस्ताव घेऊन आला. दोन एकर क्षेत्र वाईनच्या द्राक्षांना द्यावे, त्यातील बहुतेक क्षेत्रात शिराझ लावावी आणि उरलेल्या तुकड्यांत कॅबर्ने सॉव्हिन्यों व मर्लो या जाती घ्याव्यात, असे त्याचे म्हणणे होते. या दोन जाती ‘ब्लेंडसाठी लागतात’ एवढेच स्पष्टीकरण त्याने दिले आणि कराराचा मसुदा ठेवून तो निघून गेला. एका शिवारात एकाच वाईनसाठी तीन जाती का लावायच्या, त्यातल्या दोन इतक्या थोड्या का, आणि त्या थोड्या मालाला उद्या गिऱ्हाईक राहील याची खात्री कोण देणार, असे मामांचे प्रश्न होते. मी बेळगावात महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असल्यामुळे ते प्रश्न माझ्याकडे आले.

मामांची शंका उगाच नव्हती. महाराष्ट्राने २००१ मध्ये आणि कर्नाटकाने २००७ मध्ये वाईन धोरण आणले, तेव्हा नाशिकपासून कृष्णाकाठापर्यंत अनेकांनी हौसेने वाईनच्या जाती लावल्या. पुढे मंदी आली, काही कारखान्यांनी माल उचलला नाही, काहींनी पैसे थकवले आणि अनेक शेतकऱ्यांनी उभ्या बागा काढून टाकल्या. बेदाण्याच्या द्राक्षांना निदान दुसरी वाट असते, कारण दर पडला तर ती हिरवी विकता येतात. शिराझचा बारीक, जाड सालीचा आणि बियांचा मणी बाजारात कोणी हातात धरत नाही. तो कारखान्यात गेला नाही तर वेलीवरच सुकतो.

ब्लेंड, म्हणजे अनेक जातींच्या वाईनचे मिश्रण, ही काय चीज आहे हे पुस्तकातून समजून घेण्यापेक्षा, एक चांगली मिश्र लाल वाईन समोर ठेवून तिच्या जवळपास जाणारे मिश्रण स्वतः करून पाहावे, असे मी ठरवले. नमुन्यासाठी मुद्दाम थंड किनारी प्रदेशातील बाटली निवडली, कारण ब्लेंडची खरी गरज अशाच ठिकाणी पडते असे वाचनात आले होते. बेळगावच्या दुकानांत नाशिकच्या आणि बंगळूर परिसरातील वाईन सहज मिळतात, परदेशी मात्र मोजक्याच. गोव्यात हव्या त्या बाटल्या स्वस्त मिळतात. पण परवान्याशिवाय गोव्याची बाटली चोर्ला घाटाने किंवा अनमोडमार्गे कर्नाटकात आणणे हा गुन्हा आहे, आणि तपासणी नाक्यावर प्राध्यापकी सांगून उपयोग होत नाही. शेवटी बंगळूरला नोकरी करणाऱ्या भाच्याने तिथल्या दुकानातून दक्षिण आफ्रिकेची एक बाटली आणली. तिच्या लेबलावर ‘केप साउथ कोस्ट’ असे उगमस्थान छापलेले होते आणि मागच्या बाजूस शिराझ, मुर्वेद्र (ही लाल जात) व व्हिओनिए (ही पांढरी) ही द्राक्षजातींची नावे त्याच क्रमाने होती.

हे लेबल वाचणे हाच पहिला धडा ठरला. दक्षिण आफ्रिकेत १९७३ पासून उगमस्थानाचा कायदा आहे. लेबलावर ज्या भागाचे नाव असेल, त्याच भागातील शंभर टक्के द्राक्षे बाटलीत असावी लागतात. एकाच जातीचे नाव लावायचे असेल तर ती जात किमान ८५ टक्के असावी लागते. म्हणजे किनाऱ्यावरच्या एखाद्या उत्पादकाला मुर्वेद्र कमी पडली आणि त्याने ती आतल्या उष्ण भागातून विकत आणली, तर त्याला ‘केप साउथ कोस्ट’ हे नाव सोडून ‘वेस्टर्न केप’ असे मोठ्या टापूचे नाव छापावे लागते. आमच्या बाटलीत जे काही होते ते सगळे किनाऱ्याजवळच पिकलेले होते.

हा किनारा आफ्रिकेच्या अगदी दक्षिण टोकाचा आहे. केप प्रांतात पहिली वाईन २ फेब्रुवारी १६५९ रोजी गाळल्याची नोंद तिथल्या डच वसाहतीचा संस्थापक यान व्हान रिबेक याने केली आहे, पण ती आजच्या केप टाउनजवळची. केप अगुल्हासलगतच्या एलिमसारख्या गावांत द्राक्षे आली ती १९९० च्या दशकात. एलिम ही १८२४ मध्ये वसवलेली मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनची वसाहत आहे आणि तिच्या भोवतालच्या बागा समुद्रापासून काही किलोमीटरवर आहेत. दोन महासागरांवरून येणारे वारे तिथे उन्हाळाभर वाहतात, त्यामुळे फेब्रुवारीत, म्हणजे द्राक्षे पिकण्याच्या दिवसांत, सरासरी तापमान साधारण २० अंशांवर राहते.

फेब्रुवारी हा महिना ऐकून मामा सावरून बसले, कारण आमचाही हंगाम फेब्रुवारी-मार्चचाच. पृथ्वीच्या दोन विरुद्ध गोलार्धांत तोडणी एकाच वेळी कशी, हे कागदावर रेघा मारून समजावून घ्यावे लागले. तिथे फेब्रुवारी-मार्च म्हणजे उतरता उन्हाळा. मणी पिकत जातो तसतसा दिवस लहान होतो आणि रात्री गार होत जातात. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ छाटणी करून आपण वेलीला हिवाळ्यात फळ धरायला लावतो. त्यामुळे मणी पिकायला लागतो तेव्हा ऊन चढत असते, आणि मार्चमध्ये अथणीला दुपारचा पारा ३५ च्या वर गेलेला असतो. तिथे साखर सावकाश भरते आणि आंबटपणा टिकून राहतो. इथे साखर झपाट्याने चढते आणि मण्याला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल उष्णतेने जळून जाते. तोडणीची तारीख एकच असली तरी तिथला आणि इथला मणी उलट दिशेच्या हवामानातून त्या तारखेला पोहोचतो. पुढे मिश्रण करताना जे जे जमले आणि जमले नाही, त्याचे मूळ बहुतांशी या फरकात होते.

प्रयोगाची मांडणी टिळकवाडीतील माझ्या घराच्या वरच्या खोलीत केली. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वाईन नेणे प्रशस्त नव्हते, म्हणून १०० मिलिलिटरचे मोजपात्र, १० मिलिलिटरची पिपेट आणि आम्लता दाखवणारा एक साधा पीएच मीटर बाजारातून आणला. भारतीय शिराझ, कॅबर्ने, मर्लो आणि पांढरी व्हिओनिए अशा एकाच जातीच्या बाटल्या घेतल्या. मुर्वेद्र मिळाली नाही. लाल वाईन १६ ते १८ अंशांवर चाखावी असा संकेत आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात जानेवारीच्या संध्याकाळी त्यासाठी काहीच करावे लागत नाही.

आधी आम्ल मोजले. वाईन हलवून आणि किंचित कोमट करून तिच्यातील कार्बन डायऑक्साइड घालवला, १० मिलिलिटर नमुना घेतला आणि त्यात ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने सोडत पीएच ८.२ पर्यंत नेला. जितके मिलिलिटर द्रावण लागले त्याला ०.७५ ने गुणले की लिटरमागे टार्टारिक आम्ल किती ग्रॅम ते मिळते. नेहमीचा फिनॉल्फ्थॅलिन दर्शक लाल वाईनमध्ये दिसतच नाही, म्हणून मीटर लागतो. पण डोळ्यांनाही पाहण्यासारखे असते. द्राक्षाच्या सालीतील रंगद्रव्य आम्लात लाल असते. सोडा पडत जातो तशी वाईन जांभळट होते, मग राखाडी-निळी, आणि शेवटी चुलीवर फार वेळ राहिलेल्या पालेभाजीच्या पाण्याचा मळकट हिरवा रंग तिला येतो. मामांनी तो बदल वाकून पाहिला आणि बेदाण्याला लावतात त्या पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात काळी द्राक्षे बुडवली तरी असाच रंग सुटतो का, असे विचारले. ते द्रावणही अल्कलीधर्मी असते, त्यामुळे प्रश्न अगदी बरोबर होता.

माझी अपेक्षा अशी होती की केपच्या वाईनमध्ये आम्ल ठळकपणे जास्त निघेल. प्रत्यक्षात ती आणि आपली शिराझ यांत लिटरमागे अर्ध्या ग्रॅमचाही फरक निघाला नाही. कारण नंतर लक्षात आले. उष्ण प्रदेशात कारखाने रसात टार्टारिक आम्ल घालून ही उणीव भरून काढतात. ती सर्वमान्य पद्धत आहे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण याचा अर्थ असा झाला की दोन वाईनमधला जो फरक जिभेला पहिल्याच घोटात कळत होता, त्याचा उलगडा आकड्यांतून होत नव्हता.

चाखण्याची रीत मामांना पटवणे अवघड गेले. घोट तोंडात घोळवून जर्मनच्या डब्यात थुंकायचा, हे ऐकून ते म्हणाले, “पैसं देऊन आणल्याली थुकायची व्हय?” गिळत गेलो तर चौथ्या ग्लासानंतर नाक आणि जीभ दोन्ही काम करीत नाहीत, हे त्यांना सांगून पटले नाही, पण मामी समोर बसल्या असल्यामुळे त्यांनी ऐकले. मध्ये तोंड साफ करण्यासाठी पावाऐवजी ज्वारीची बिनमिठाची भाकरी ठेवली होती आणि ती पावापेक्षा सरस ठरली, कारण तिच्यात आंबवल्याचा वास नसतो. पाहुण्यांसाठी आणलेला कुंदा मात्र झाकून ठेवावा लागला. गोड खाल्ल्यावर कोणतीही लाल वाईन आंबट आणि कडवट लागते.

गणिताचे माझे निवृत्त सहकारी स्वतः पीत नाहीत, पण ग्लासांना गुप्त क्रमांक देण्याचे काम त्यांनी मनापासून केले. क्रमांक लावलेले ग्लास मामींनी नुसते हुंगून पाहिले. बाटलीचे नावगाव ठाऊक नसताना त्यांनी केपच्या वाईनचा ग्लास बाजूला काढला आणि म्हणाल्या, “ह्यात मिरं हाईत.” माझ्याही नाकाला ताज्या भरडलेल्या काळ्या मिऱ्यांचा वास स्पष्ट येत होता. मामांना मात्र पुन्हा पुन्हा हुंगूनही काही जाणवले नाही, आणि आम्ही दोघे संगनमताने बोलतो आहोत अशी त्यांची समजूत झाली.

मामा-मामी दोघांचेही खरे होते. शिराझमधील या वासाला कारणीभूत असलेले रोटंडोन नावाचे द्रव्य ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये ओळखले. खानापूरकडच्या बागांत सुपारीवर चढलेल्या मिरवेलींच्या मिऱ्यांत जे द्रव्य असते तेच हे. लाल वाईनमध्ये लिटरमागे १६ नॅनोग्रॅम इतक्या अत्यल्प प्रमाणातही ते बहुतेकांना जाणवते, परंतु सुमारे पाचांतल्या एका माणसाला ते कितीही असले तरी कळत नाही. मामा त्या पाचव्यांपैकी असावेत. रोटंडोन मण्याच्या सालीत पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात तयार होते, आणि थंड हवेत, सावलीतल्या घडांत ते अधिक असते. आपल्या शिराझमध्ये पिकलेल्या जांभळाचा आणि आलुबुखाराचा दाट वास होता, मिऱ्यांचा जवळजवळ नव्हता.

त्यानंतर प्रत्यक्ष मिश्रणाला हात घातला. शिस्त साधी होती. पाया शिराझचा, एका वेळी एकाच घटकात बदल, बदल पाच-पाच मिलिलिटरचा, आणि शेजारी निव्वळ शिराझचा एक ग्लास तुलनेसाठी कायम. पाच मिलिलिटर कॅबर्नेने फारसे काही घडले नाही. दहाला मात्र वाईनला कणा आला; शिराझचा गोलसर, काहीसा सैल घोट टॅनिनमुळे, म्हणजे सालीतल्या तुरट द्रव्यांमुळे, आवरला गेला आणि शेवटी जिभेवर किंचित हिरवट, ढोबळी मिरचीसारखी चव उरली. वीसवर गेल्यावर ती कॅबर्नेच झाली, शिराझ मागे पडली. मर्लोने वेगळे काम केले. तिने वास वाढवला नाही, पण घोटाच्या मधल्या भागातली पोकळी भरली आणि कॅबर्नेचा खरखरीतपणा कमी केला. व्हिओनिए तीन मिलिलिटर घातली तेव्हा पांढरी वाईन घालूनही रंग डोळ्यांना फिका वाटला नाही आणि वरचा वास एकदम उमलला. पाचला तो अत्तरासारखा झाला, जो मला आवडला नाही. जुन्या पद्धतीत व्हिओनिएची द्राक्षे शिराझबरोबरच आंबवतात, कारण तिच्या सालीतील घटक लाल रंगद्रव्याला धरून ठेवतात. तयार वाईन मागाहून ओतून तो परिणाम पुरता मिळत नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे.

एवढे करूनही मिरे काही आले नाहीत. मर्लो, कॅबर्ने किंवा व्हिओनिए यांपैकी कशातूनही ते आणता येत नव्हते, कारण ते शिराझच्या स्वतःच्या सालीत, वेलीवर असतानाच यावे लागतात. मिश्रणाने उणीव झाकता येते, तोल साधता येतो. हवामान मात्र मोजपात्रातून ओतता येत नाही. केपच्या बाटलीशी सर्वांत जवळचे जे मिश्रण निघाले ते चाखायला सर्वांत चांगले नव्हते. चांगले होते ते शिराझ ८५, कॅबर्ने १०, मर्लो ५ असे, आणि त्यात केपची नक्कल अजिबात नव्हती. मिश्रणे झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चाखली, तेव्हा जातींच्या वेगवेगळ्या कडा विरघळून गेल्या होत्या आणि काल ठसठशीत वाटलेला मर्लोचा वाटा शोधूनही सापडत नव्हता. म्हणून मी मर्लो वगळून शिराझ ९० आणि कॅबर्ने १० असा नवा ग्लास केला. तो तितकाच चांगला लागला, आणि मी वहीत मर्लोवर काट मारली.

मामा ती काट बघत राहिले आणि म्हणाले, “आणि ज्यानं मर्लो लावली, त्याचं काय?”

कराराच्या मसुद्यात ज्या गोष्टीचा उल्लेखही नव्हता, ती या प्रश्नात होती. केपच्या किनाऱ्यावर अनेक जाती लावणे हा मुळात शेतकऱ्याचा स्वतःचा विमा असतो. फुलोऱ्याच्या वेळी समुद्राचा वारा सुटला तर एका जातीची फळधारणा बिघडते, पण दुसरी मागेपुढे फुलत असल्यामुळे वाचते. मुर्वेद्र उशिरा पिकणारी. थंड वर्षी ती नीट पिकतच नाही, मग त्या वर्षी मिश्रणात तिचा वाटा घटवून शिराझचा वाढवतात. ज्वारीत तुरीच्या ओळी टाकण्यामागे आपल्याकडे जो विचार असतो तोच हा, असे मामांनी लगेच ओळखले. फरक असा की तिथे बहुधा बाग आणि वाईन कारखाना एकाच मालकाचे असतात, त्यामुळे वाटा घटला तरी तोटा त्याच्याच घरात फिरतो. करारशेतीत मिश्रणाचे प्रमाण कारखाना तोडणीनंतर, वाईन तयार झाल्यावर, दरवर्षी नव्याने ठरवणार. जात मात्र शेतकऱ्याने काही वर्षे आधी लावून बसायचे. मोजपात्रातले पाच मिलिलिटर वगळले की कोणाच्या तरी शिवारातले काही गुंठे निरुपयोगी होतात.

मग मामांनी टक्क्यांचे गुंठे केले. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. त्याचे दहा टक्के ८ गुंठे. पण कॅबर्ने शिराझपेक्षा कमी पिकते, म्हणून तेवढ्याच रसाला १० गुंठे धरावे लागतील. मसुद्यात कॅबर्ने २० गुंठे आणि मर्लो १० गुंठे होती. कारखान्याचा माणूस पुन्हा आला तेव्हा मामांनी मर्लो नको असे सांगितले, कॅबर्ने १० गुंठ्यांवर आणली, आणि एक कलम घालण्याचा आग्रह धरला: ठरलेली साखर, म्हणजे २३ ते २४ ब्रिक्स, भरलेला सगळा माल कारखान्याने ठरलेल्या दराने उचलावा, त्या वर्षी मिश्रणात ती जात वापरली जावो वा न जावो. त्या माणसाला हे कलम अनपेक्षित होते. इतर शेतकऱ्यांनी असे काही मागितलेले नाही, असे तो दोनदा म्हणाला. दराबाबत थोडे मागे यावे लागले, पण कलम मसुद्यात आले आणि त्यानंतरच सही झाली.

मिऱ्यांचा मुद्दाही वाया गेला नाही. स्वतःला तो वास येत नसला तरी बाजारात त्याला किंमत आहे हे मान्य करून मामांनी शिराझच्या ओळी उत्तर-दक्षिण आखल्या आहेत, आणि दुपारचे ऊन घडांवर पडू नये म्हणून पश्चिमेच्या बाजूची पाने विरळ करायची नाहीत असे ठरवले आहे. आपल्या उन्हात याने कितपत फरक पडेल याबद्दल मी साशंक आहे, मामी नाहीत. डॉगरिजचे खुंट लावून झाले आहेत. पाऊसमान ठीक राहिले तर ऑगस्टच्या अखेरीस त्यांवर कलमे बांधायची आहेत.